फ्रेंच जाणणारा उमेदवार

व्यासराजानं मला नकार दिला. मला न बघता दिला, आणि तोही तोंडी निरोप पाठवून.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही असं समजू या. मीही ते लिहिलेलं नाही. गोष्ट सुरू होते ती ऑक्टोबरातल्या एका ओल्या संध्याकाळी, कुंभकोणमच्या मोठ्या बाजारात, पितळी भांड्यांच्या दुकानावरच्या माडीवर.

साल पंचावन्न. येत्या फेब्रुवारीत महामहमचा मेळा भरणार होता, बारा वर्षांतून एकदा येणारा. तळ्यावर स्नानाला लाखो लोक लोटणार हे ठरलेलंच होतं, पण यंदा परदेशी पाहुणेही येणार अशी बोलवा होती. किती, ते कोणालाच माहीत नव्हतं. पट्टाभिरामन सर म्हणायचे, "दोन तरी." त्या दोघांच्या सोयीसाठी मद्रासच्या एका ट्रॅव्हल कंपनीनं टुरिस्ट लोकांशी बोलायच्या इंग्रजीचा वर्ग काढला. शिकणारे आम्ही सव्वीस जण.

सर रेल्वेच्या चौकशी-खिडकीत एकतीस वर्षं बसून रिटायर झालेले. निघताना मोडीत काढलेली ती खिडकीच त्यांनी मागून आणली. सागवानी चौकट, पितळी गज, खाली हात जाईल एवढी कमान. तीच त्यांनी वर्गाच्या मधोमध उभी केली. अलीकडे कारकून, पलीकडे टुरिस्ट. मुलं आणि मुली एका वर्गात कशी शिकणार, अशी ज्या पालकांना काळजी होती त्यांना सरांनी खिडकी दाखवली. गज पाहून पालक निर्धास्त झाले. माझ्या अप्पांनी ते मोजलेही.

त्या पहिल्या दिवशी आमच्या गावची, तिरुभुवनमची बस चुकून वेळेवर आली, म्हणून मी सगळ्यांच्या आधी पोचले आणि सरांनी मला खिडकीत बसवलं. बाहेर ऐप्पसी महिन्याचा पाऊस, खाली भांड्यांवर ठोके. जिन्यावर दोन छत्र्या मिटल्याचा आवाज झाला. एक उंच मुलगा वर आला, त्याच्यामागे एक रुंद मुलगा. उंचानं खिडकीशी येऊन तमिळमध्ये विचारलं, "इंग्रजीचा वर्ग इथंच का?"

"इंग्रजीत विचारा," सर मागून म्हणाले. "तुम्ही टुरिस्ट आहात. टुरिस्ट म्हणजे ज्याला न्हाणीघर कुठं आहे ते माहीत नाही असा कोणीही मनुष्य."

उंच मुलानं केसातलं पाणी निपटलं, फळ्याकडे पाहिलं. तिथं त्या दिवसाचे दहा शब्द लिहिलेले. त्यातला एक उचलून तो म्हणाला, "मॅडम, इज देअर एनी... अकोमोडेशन?"

मी फळ्यावरचा दुसरा उचलला. "सब्जेक्ट टु अव्हेलेबिलिटी, सर."

 तो मान वळवून रुंद मित्राशी बोलला आणि माझा हात कमानीतच राहिला, कारण तो मराठीत म्हणाला, "शामा, हिच्या नाकातली चमकी पाहिलीस कां रे? कोणी देवळातला दिवा उचलून आणून तेथें ठेवल्यासारखी. मज पुढचं काही ऐकूच येईना."

मी तोंडावरची माशीही न हलू देता म्हणाले, "नेक्स्ट, प्लीज."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. लोक घरात शिरताना चपला काढतात. आम्ही तंजावरकडचे मराठी लोक घराबाहेर पडताना मराठी काढून ठेवतो. उंबऱ्याच्या आत सगळं मराठीत, बाहेर सगळं तमिळमध्ये. दुसऱ्याला न कळेल असं काही बोलायचं असेल तेवढीच मराठी बाहेर निघते. त्यामुळे समोरचा परकाच आहे असं धरून चालायची आम्हाला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. हजेरीपटावर मी होते मिस व्ही. अंबुजम्, तो मिस्टर एस. व्यासराजन्. दोघंही कागदावर अस्सल तमिळ.

तो आणि त्याचा चुलतभाऊ शामसुंदर आरणी गावचे. दोघं कुंभकोणमला एका बस कंपनीच्या बुकिंगमध्ये नव्यानं लागले होते आणि आपल्या मावशीकडे, भवानीमावशीकडे राहत होते. हे मला त्यांनी सांगितलं नाही. माझ्या समोर एकमेकांना सांगितलं.

मी तेव्हाच "मीही मराठीच" म्हणायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी म्हणायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी तो शामसुंदरला म्हणाला, "ती 'इटिनररी' म्हणते ना, तेव्हा अर्ध्यावर एकदा श्वास घेते. मी तेवढ्यासाठी रोज चुकीची ट्रेन विचारतों." मग तिसऱ्या दिवशी सांगायचं ठरवलं. असे नोव्हेंबर, डिसेंबर गेले.

ती चोरी होती, मला मान्य आहे. पण चोराच्या पुढ्यात रोज संध्याकाळी पाच वाजता माल आणून ठेवला, तर चोरानं तरी काय करावं?

"ती डब्यातला दहीभात खाताना कढीपत्ता कडेला लावून ठेवते," तो सांगे. "रांगेत. जणू त्यांनाही तिकिटं द्यायची आहेत."

"तूं इंग्रजी शीक," शामसुंदर म्हणे. "तिचं जेवण कंपनी परीक्षेत मोजणार नाही."

"मी मोजत नाही रे. पाहतों."

एकमेकांशी मात्र आमचं सगळं सरळ इंग्रजीत चाले. तो विचारी, "व्हॉट आर द अमेनिटीज?" मी सांगे, "हॉट वॉटर, गुड व्ह्यू अँड सायलेन्स." तो म्हणे, "आय वुड लाइक टु एक्स्टेंड माय स्टे." मी म्हणे, "फॉर हाऊ मेनी डेज, सर?" आणि तो गजावर बोट आपटत, जरा थांबून... "इंडेफिनेटली." सर टाळी वाजवून म्हणायचे, "शब्दावर विश्वास बसला पाहिजे. ह्या दोघांचा बसलाय. पाहा."

एकदा त्याच्या हातून चिठ्ठी कमानीतून अलीकडे पडली. उचलायला गेलो तर दोघांची बोटं एकाच वेळी तिच्यावर. चिठ्ठीवर फक्त "रिफ्रेशमेंट्स" लिहिलेलं होतं. ती अजून माझ्याकडे आहे.

जानेवारीत तै महिना लागला, आणि तै लागला की आमच्याकडे पत्रिका बाहेर पडतात. गोविंदपुरमला भजनाला अप्पांची आणि भवानीमावशीची गाठ पडली. अप्पा संध्याकाळी घरी येऊन अम्माला म्हणाले, "आरणीचा मुलगा आहे. व्यासराज. बस कंपनीत. आपल्या मुलीची पत्रिका दिली."

मी आत भाकरीच्या... खोटं कशाला सांगू, आत इडलीच्या पिठात हात घालून उभी होते. हात तसाच राहिला.

आता पत्रिकेवर माझं नाव वेदवती. ते माझ्या आजीचं, अप्पांच्या आईचं नाव. थोरल्या नातीला आजीचं नाव ठेवायचं ही आमची रीत. आणि सुनेनं सासूचं नाव तोंडानं घ्यायचं नाही हीही आमचीच रीत. मग अम्मानं मुलीला हाक कशी मारायची? म्हणून हाकेला दुसरं नाव, अंबुजा. शाळेत, रेशनकार्डावर, वर्गात अंबुजा. वेदवती फक्त पत्रिकेत राहते आणि लग्नाच्या दिवशी बाहेर येते.

मला हे सगळं फार गमतीचं वाटलं. तो मुलगी बघायला येणार, पाटावर बसणार, समोर मी केसरी, म्हणजे गोड शिरा, आणि भजी घेऊन येणार, आणि त्याला कळणार की तीन महिने आपण हिच्याच समोर हिच्याबद्दल मराठीत बोलत होतो. मी त्याचा चेहरा कसा होईल ते आरशात करून पाहत असे. अम्मानं दोनदा विचारलं, दात दुखतोय कां गे.

मंगळवारी वर्गात मी खिडकीत होते. व्यासराज रांगेत पुढे आला, पण त्यानं ट्रेन विचारली नाही. शामसुंदरला म्हणाला, "मावशीला नाही म्हणून सांगितलं."

"कोणाला नाही?"

"कोण ती वेदवती. वासुदेवरावांची, तिरुभुवनमची."

"बघून तरी यायचं."

"मनात एकीला बसवून दुसरीच्या घरी पाटावर बसायचं? तिनं केलेली भजी खायची, आणि मग बाहेर येऊन नाही म्हणायचं? त्या मुलीनं माझं काय वाईट केलंय? हें मज जमणार नाही, शामा." मग तो हळू म्हणाला, "ही तमिळ आहे, मावशी उंबऱ्यात पाऊल ठेवू देणार नाही, ठाऊक आहे. तरी पण."

आणि माझ्याकडे वळून, "एक्स्क्यूज मी, मॅडम. व्हेन इज द नेक्स्ट ट्रेन टु मद्रास?"

माझ्याविषयी आजवर कोणी बोललेलं सर्वांत सुंदर वाक्य ते, आणि तो नेमका नकार होता. मी म्हणाले, "आय विल एन्क्वायर, सर," आणि काय एन्क्वायर करायचं ते मला आठवेना.

घरी पोचेतो निरोप पोचलेला होता. अप्पा ओसरीवर बसलेले. अप्पा रेशीम विणकरांच्या सोसायटीचे सेक्रेटरी. जावक क्रमांक नसलेल्या कागदावर त्यांचा विश्वास नाही, आणि कागद नसलेल्या गोष्टीवर तर नाहीच.

"तोंडी," ते म्हणाले. "एक बाई दारात उभी राहून सांगून गेली. तारीख नाही, सही नाही. माझ्या मुलीला तोंडी नकार."

अम्मा पदर डोळ्याला लावून बसली होती. अप्पा तिला म्हणाले, "त्या घराचं नाव ह्या घरात पुन्हा काढायचं नाही."

मी तीन महिने जपून ठेवलेली गंमत ती. आता तिची किंमत कळली. मी बोलले नाही तर तो एका तमिळ मुलीसाठी मावशीशी भांडून घर सोडणार, जी मुलगी नव्हतीच; आणि अप्पा तै संपायच्या आत मला दुसरीकडे देणार. बोलायला हवं होतं. आणि बोलायचं म्हणजे त्याला सांगायचं, की तू जे कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून बोललास ते सगळं मी ऐकलंय. माणूस अशा वेळी चिडतो. मी असते तर चिडले असते.

पुढच्या आठवड्यात परीक्षा. मद्रासहून कंपनीचे साहेब आले, टाय बांधून, फेब्रुवारीतही घामाघूम. जोड्या लावल्या. मी कारकून, व्यासराज टुरिस्ट, विषय कॅन्सलेशन. शामसुंदर त्याच्यामागे रांगेत.

"गुड इव्हनिंग," व्यासराज म्हणाला. डोळ्यांखाली काळं होतं. "आय विश टु कॅन्सल माय रेझर्व्हेशन."

"मे आय नो द रीझन, सर?"

"पर्सनल."

माझ्या पुढच्या वाक्याचं इंग्रजी मला चांगलं येत होतं. तरी मी गजांजवळ तोंड नेलं आणि साध्या आवाजात, घरात पाणी मागावं तसं, मराठीत म्हणाले, "वेदवती म्हणजे मीच. आजीचं नाव ते. अम्मा सासूचं नाव घेत नाही, म्हणून मज सगळे अंबुजा म्हणतात."

खालचे ठोके ऐकू येत होते.  व्यासराज मनात ऑक्टोबरकडे एकेक दिवस उलटा चालत निघाला होता, ते मला समोर दिसत होतं. डिसेंबरपाशी तो जरा थांबला. नोव्हेंबरात त्याचे कान लाल झाले.

"सगळं?" शेवटी त्यानं मराठीत विचारलं.

"सगळं."

"चमकी?"

"चमकी."

"...दहीभात?"

"कढीपत्त्यासकट."

मागून शामसुंदर म्हणाला, "मी काही बोललों नाही हो, ताई. मी उलट त्याला अडवत होतों."

साहेबांनी पेन्सिल उचलली. "ही कुठली भाषा?"

पट्टाभिरामन सरांना मराठी येत नव्हती, पण आपला विद्यार्थी पडू द्यायचा नाही हे त्यांना येत होतं. ते छाती काढून म्हणाले, "फ्रेंच, सर."

साहेबांनी डोळे मिटून आणखी थोडं ऐकलं आणि मान डोलावली. "वाटलंच. उच्चार पाँडिचेरीचे आहेत."

आम्ही दोघंही पहिल्या वर्गात पास झालो.

जिन्यावर तो माझी वाट पाहत थांबला होता. मधे खिडकी नव्हती, त्यामुळे हात कुठं ठेवायचे ते दोघांनाही कळेना. त्यानं आपले छत्रीवर ठेवले. पाऊस संपून दोन महिने झाले होते.

"तीन महिने गप्प बसलांत," तो म्हणाला. "हसत असाल मनात."

"पहिले चार दिवस हसले."

"मग?"

"मग..." मी भिंतीवरच्या चुन्याकडे पाहिलं. "आमच्या घरी अप्पा मराठीत रागावतात. अम्मा मराठीत रडते. देवाला मराठीत हाका मारतात. मराठीत कोणी कोणाचं कौतुकही करतं, हे मज ठाऊकच नव्हतं. मी सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असतां."

तो एक पायरी खाली उतरला, म्हणजे आमचे डोळे एका उंचीवर आले. "आतां तोंडावर बोलावं लागेल," तो म्हणाला. "ते अवघड आहे. पाठीमागून फार सोपं होतं."

"तोंडावरच होतं ते. तुम्हांला ठाऊक नव्हतं इतकंच."

"बरं. तर मग... अंबुजा, मज तुमच्याशिवाय कोठेंही जायचं नाही. ज्या ट्रेन विचारत होतों त्या सगळ्या खोट्या होत्या."

मी चुन्यावरची नजर काढून त्याच्याकडे पाहिलं. त्यानं छत्री दुसऱ्या हातात घेतली. मोकळ्या झालेल्या हाताचं काय झालं ते मी लिहीत नाही. जिना अरुंद होता.

राहिले अप्पा. मी त्याला एवढंच सांगितलं, की येऊन पाया पडू नका, कागद पाठवा.

तीन दिवसांनी सोसायटीच्या पत्त्यावर टाइप केलेलं इंग्रजी पत्र आलं. वर संदर्भ, खाली विषय, डावीकडे तारीख. "डिअर सर, विथ रेफरन्स टु द हॉरोस्कोप काइंडली फॉरवर्डेड बाय युअर गुड सेल्फ, आय बेग टु अ‍ॅक्नॉलेज रिसीट ऑफ द सेम," असं सुरू होऊन ते दोन परिच्छेद चाललं होतं. पत्रिका सुस्थितीत मिळाली, तपासली, निर्दोष आढळली, आणि आपल्या सोयीच्या दिवशी प्रत्यक्ष पाहणीस येण्याची अनुज्ञा असावी. एक प्रत भवानीमावशीला माहितीसाठी.

अप्पांनी ते तीनदा वाचलं. मग आवकचा शिक्का मारला.

"काय लिहिलंय?" अम्मानं विचारलं.

"मसुदा चांगला आहे." अप्पांनी चष्मा पुसला. "ह्यांच्याकडून आधी नकार आला होता म्हणतात."

"म्हणतात काय? आला होता की. मी रडले नाहीं का?"

"कागद दाखव."

अम्माकडे कागद नव्हता.

"मग आला नव्हता," अप्पा म्हणाले, आणि पत्र फाइलला लावलं.

तो आला तेव्हा त्यानं अकरा भजी खाल्ली. मावशी मला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, "हीच कां गे ती तमिळ मुलगी?" तिला ते सांगून बसलेल्या शामसुंदरनं घाईनं तिच्याकडे केसरी सरकवली. वैकासी महिन्यातला, जूनच्या सुरुवातीचा मुहूर्त धरला.

महामहमला कंपनीच्या तंबूत मी चौकशीवर बसले. परदेशी पाहुणा एकच आला, तरंगमबाडीकडचा एक म्हातारा डॅनिश पाद्री. त्यानं माझ्यापेक्षा चांगल्या तमिळमध्ये पाणी मागितलं. ते प्यायला आणि गेला. सरांनी त्याला "दोन" म्हणून नोंदवलं.

त्याच सुमारास मद्रासहून हुकूम आला. फ्रेंच जाणणारा उमेदवार म्हणून मिस्टर एस. व्यासराजन् यांची मुख्य कचेरीत परदेशी विभागात नेमणूक. ताबडतोब रुजू व्हावे. त्यानं उलट लिहिलं, की मला फ्रेंच येत नाही. उत्तर आलं, उमेदवाराच्या विनयाची नोंद घेतली आहे. त्यानं दुसऱ्यांदा लिहिलं, ती मराठी होती. उत्तर आलं, तीही येत असल्यास उत्तमच.

मार्चच्या पहिल्या सोमवारी सकाळच्या गाडीनं तो गेला. स्टेशनावर भवानीमावशी होती, शामसुंदर होता, अम्मा होती, म्हणून आम्ही तमिळमध्ये बोललो, हवा कशी आहे वगैरे. गाडी हलली तेव्हा डब्याच्या गजांमधून तो मराठीत म्हणाला, "जेवून घेत जा." त्यावर कोणाला आक्षेप घेता येईना.

वैकासीला अजून तीन महिने आहेत. शिकलेलं वाया जाऊ नये म्हणून मी काल एक अर्ज लिहिला. अप्पांनी तो न वाचता जावक क्रमांक दिला. अर्ज असा:

प्रति, माननीय मुख्य अभियंता, सार्वजनिक बांधकाम खाते.

विषय : मद्रास शहर जवळ आणणेबाबत.

महोदय, सविनय सादर करण्यात येते की, मद्रास शहर अर्जदाराच्या राहत्या गावापासून सुमारे एकशे नव्वद मैलांवर वसविण्यात आले असून त्यामुळे अर्जदाराची गैरसोय होत आहे. तरी सदर शहर बंदर व दीपगृहासह तेथून उचलून तिरुभुवनम् बस-थांब्यालगतच्या शेतात ठेवण्यात यावे. कापणी झाली असल्याने जागा मोकळी आहे. समुद्र अवजड वाटल्यास तो मागाहून पाठविला तरी चालेल. शहर उचलताना सावकाश उचलावे, कारण त्यात माझे एक माणूस आहे.

कळावे. उलट टपाली उत्तराची विनंती.

आपली विश्वासू,
व्ही. अंबुजा